बडग्या, निनोच्का आणि धरणाजवळची झोपडी

२०२४च्या एप्रिलमधली गोष्ट. लोकसभेच्या पहिल्या टप्प्याचा प्रचार पूर्व विदर्भात ऐन भरात होता. गोंदिया ओलांडून पलीकडच्या बालाघाटातही तीच धामधूम. तिथले बहुजन समाज पक्षाचे उमेदवार, माजी खासदार कंकर मुंजारे यांनी भर प्रचारात घर सोडलं आणि एका धरणाजवळच्या झोपडीत मुक्काम हलवला. घरात भांडण नव्हतं, घरात दुसरा पक्ष होता. त्यांच्या पत्नी अनुभा मुंजारे काँग्रेसच्या आमदार. चारच महिन्यांपूर्वी त्यांनी भाजपच्या गौरीशंकर बिसेन यांच्यासारख्या मातब्बराला पाडलेलं. लोकसभेला काँग्रेसनं सम्राट सारस्वत यांना उभं केलं, म्हणजे नवऱ्याच्या विरोधातल्या उमेदवाराचा प्रचार करणं अनुभाताईंना भाग होतं. वेगवेगळ्या विचारांची दोन माणसं एका छपराखाली नांदताना दिसली तर लोक मॅच फिक्सिंग म्हणतील, असं कंकर यांचं म्हणणं. मतदान होईपर्यंत पत्नीनंच दुसरीकडे राहावं, असं त्यांनी आधी सुचवून पाहिलं. अनुभाताईंनी साफ नकार दिला. तेव्हा हेच निघाले. १९ एप्रिलला मतदान उरकलं की परत येणार, हेही जाहीर करून टाकलं.

अनुभाताईंचा युक्तिवाद बिनतोड होता. २०२३च्या विधानसभेला कंकर परसवाड्यातून गोंडवाना गणतंत्र पक्षाचे उमेदवार होते आणि त्या स्वतः बालाघाटातून काँग्रेसच्या. तेव्हा दोघं एकाच घरात राहत होते, मग आत्ताच काय बिघडलं? काँग्रेसचा प्रचार करीन, पण नवऱ्याबद्दल वाईट शब्द काढणार नाही, असं त्यांनी सांगितलं. निकाल लागला तेव्हा भाजपच्या भारती पारधी निवडून आल्या. नवऱ्याचा पक्ष हरला, बायकोचाही हरला.

१९५६पर्यंत नागपूर ज्या राज्याची राजधानी होती, त्याच राज्यातला हा जिल्हा. त्यामुळे ही बातमी नागपूरकरांना परगावची वाटण्याचं कारण नाही. वाटायला हवं ते आश्चर्य, की इतका तयार मसाला दारात येऊन पडलेला असताना आपल्या पडद्यावर त्यातलं काहीच कसं दिसत नाही.

हा प्रसंग अर्न्स्ट लुबिच या दिग्दर्शकाच्या हाती लागला असता तर त्यानं सोनं केलं असतं. बर्लिनहून हॉलिवूडला गेलेल्या लुबिचनं १९३९ साली ‘निनोच्का’ काढला. राजकारणाच्या दोन टोकांवरच्या माणसांचं प्रेम या विषयावरचा विनोदी चित्रपट म्हटलं की आजही पहिलं नाव त्याचंच निघतं. मेल्कियोर लेंग्येलची कथा, पटकथा लिहिणाऱ्यांत बिली वाइल्डर आणि मुख्य भूमिकेत ग्रेटा गार्बो. तोवर गार्बो म्हणजे पडद्यावर झुरणारी, मरणारी, डोळ्यांत पाणी आणणारी नटी. म्हणून जाहिरातीत दोनच शब्द ठेवले होते: गार्बो हसते. चित्रपट आला तेव्हा हिटलर आणि स्टालिन यांचा करार होऊन जेमतेम दोन-तीन महिने झाले होते आणि युरोपात युद्ध पेटलं होतं. अशा वेळी एक रशियन कमिसार बाई पॅरिसच्या एका ऐदी उमरावाच्या प्रेमात पडते, या गोष्टीवर लोक पोट धरून हसले.

गोष्ट साधी आहे. क्रांतीत जप्त केलेले एका ग्रँड डचेसचे दागिने विकायला तीन रशियन कॉम्रेड पॅरिसला येतात. हॉटेलचा सगळ्यात महागडा राजेशाही सूट त्यांना खुणावतो. पण क्रांतिकारकानं तिथं कसं राहायचं? मग तिघं मिळून सबब शोधतात. दागिने मावतील एवढी मोठी तिजोरी त्याच सूटमध्ये आहे, तेव्हा राष्ट्रहितासाठी तिथंच राहिलं पाहिजे! तिथून त्यांची घसरण सुरू होते आणि त्यांना वठणीवर आणायला मॉस्कोहून निनोच्का येते.

नागपूरकराला हा भाग पाहताना वेगळं काही समजावून सांगावं लागू नये. १९५३च्या नागपूर करारानुसार दरवर्षी राज्य विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं भरतं. विदर्भाचे प्रश्न सोडवायला डिसेंबरच्या थंडीत अख्खी मुंबई इथं उतरते. रविभवन, नागभवन, आमदार निवास गजबजतात. आणि मग प्रश्नांच्या गहन अभ्यासासाठी हुरडा पार्ट्या कराव्या लागतात, सावजी रस्सा चाखावा लागतो, ताडोबातल्या वाघाची चौकशी करायला जावं लागतं. दिवसा सभागृहात एकमेकांवर तुटून पडणारे संध्याकाळी एकाच शेतावरच्या शेकोटीभोवती दिसले तर इथं कुणाची भुवई वर जात नाही. २०१८ साली अधिवेशन पावसाळ्यात भरवायची हौस झाली, तेव्हा विधानभवनाच्या तळघरात पाणी शिरून वीज गेली आणि कामकाज बंद पडलं होतं. त्या दिवशी काळोखात अडकलेल्या दोन विरोधी पक्षांच्या तरुण कार्यकर्त्यांची गोष्ट एखाद्या मराठी लेखकाला का सुचली नाही, कोण जाणे.

‘निनोच्का’त हसू दोन्हीकडून फुटतं, हे त्याचं मोठेपण. निनोच्काचा प्रियकर काउंट लेऑन प्रेमापायी मार्क्स वाचायला घेतो. वाचून भारावतो आणि आपल्या म्हाताऱ्या नोकराला समतेचं महत्त्व पटवू लागतो. नोकर हादरतो. मालकानं दोन महिने पगार दिलेला नाही, तरी त्याची तक्रार नाही. पण जन्मभर साठवलेली पुंजी या कफल्लक मालकाबरोबर अर्धी-अर्धी वाटून घ्यायची, ही कल्पना त्याला सहन होत नाही. उमराव कम्युनिझमकडे झुकलेला आणि कामगार त्याच्या कट्टर विरोधात! अख्ख्या चित्रपटातला सर्वांत धारदार राजकीय विनोद या दोन मिनिटांत आहे आणि त्यात नायिका कुठेही नाही.

दुसरा प्रसंग कामगारांच्या खानावळीतला. लेऑन निनोच्काला हसवण्यासाठी विनोदांवर विनोद सांगतो. ती दगडासारखी बसून. शेवटी वैतागून मागं रेलतो तो खुर्चीसकट जमिनीवर कोसळतो, आणि ती हसत सुटते. चिडलेला तो एकटा. मग तोही स्वतःवर हसायला लागतो. प्रेम जुळतं ते या ठिकाणी. कुणी कुणाला मुद्दा पटवून दिलेला नसतो.

तरीही चित्रपटात एक खोट आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. पॅरिसला आल्याआल्या निनोच्काला काचेच्या कपाटात एक चमत्कारिक टोपी दिसते. बायका असलं काही डोक्यावर घालतात ती संस्कृती टिकणार नाही, असा तिचा शेरा. पुढं हीच बाई दार लावून, कुलूपबंद खणातून ती टोपी काढून चोरून घालून पाहते. प्रसंग गोड आहे, गार्बोनं केलाही अप्रतिम आहे. पण हिशोब मांडला तर टोपी तिनं बदलली, देश तिनं सोडला. त्यानं एक पुस्तक वाचलं. १९४८च्या इटलीतल्या निवडणुकीआधी कम्युनिस्टांविरुद्धच्या प्रचारात हा चित्रपट मुद्दाम दाखवला गेला, यात म्हणूनच नवल नाही. प्रेमकथेत शेवटी कुणी कुणाचा पक्ष घ्यायचा, हे आधीच ठरलेलं होतं.

बाईनंच पक्ष बदलायचा, ही रीत हॉलिवूडनं शोधलेली नव्हे. नागपूरची मारबत आठवावी. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते, त्यांच्यामागं बडगे, म्हणजे पुरुषी पुतळे. शंभर वर्षांहून जुनी ही परंपरा. शहर त्या दिवशी रोगराईपासून महागाईपर्यंत आणि नगरसेवकापासून अमेरिकेच्या अध्यक्षापर्यंत सगळ्यांचे पुतळे करून टर उडवतं आणि जाळून टाकतं. राजकारणावर मोकळेपणानं, रस्त्यावर उतरून हसणारं याच्याइतकं हक्काचं व्यासपीठ महाराष्ट्रात दुसरं नसेल. काळ्या मारबतीची कथा मात्र हसण्यासारखी नाही. भोसले घराण्यातली बांकाबाई इंग्रजांना मिळाली, तिच्या निषेधाची ही मारबत, असं इथं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. आणि बायको फितूर झाली तरी नवऱ्यानं तिला अडवलं नाही, म्हणून त्याचा झाला बडग्या!

आता जरा इतिहास पाहू. बांकाबाई ही दुसऱ्या रघुजींची राणी. रघुजी वारले मार्च १८१६मध्ये. सीताबर्डीची लढाई झाली नोव्हेंबर १८१७मध्ये आणि बांकाबाईंनी इंग्रज रेसिडेंटच्या देखरेखीखाली बाल राजाच्या वतीनं कारभार पाहिला तो त्यानंतर. म्हणजे बायकोच्या राजकारणाची शिक्षा बिचाऱ्या नवऱ्याला मेल्यावर झाली, तीही दरसाल. दंतकथेला सनावळीशी घेणंदेणं नसतं हे खरं. पण ही दंतकथा काय गृहीत धरते ते पाहण्यासारखं आहे: घरात राजकारण एकच असायचं, ते वेगळं झालं तर दोष बाईचा, आणि तिला आवरलं नाही म्हणून हसं त्याचं. बालाघाटच्या झोपडीत जाऊन बसलेल्या उमेदवाराला दुसरी कसली भीती होती? लोक आपला बडग्या करतील, हीच ना!

मराठी माणसाच्या घरात खरोखर असं एकच राजकारण असतं का? सगळ्यात चर्चेतल्या घरापासून सुरुवात करावी. १९६० साली बारामतीच्या लोकसभा पोटनिवडणुकीत वसंतराव पवार शेतकरी कामगार पक्षाकडून उभे होते. मातुःश्री शारदाबाई शेकापच्या. धाकटे शरदराव मात्र काँग्रेसचा झेंडा घेऊन सख्ख्या भावाच्या विरोधात प्रचार करत फिरत होते. घर मोडलं नाही. पुढं त्याच घरातली लेक सरोज शेकापच्याच एन. डी. पाटलांना दिली. हे मेहुणे असे, की १९७८च्या पुलोद सरकारात शरद पवारांच्या मंत्रिमंडळात सहकारमंत्री झाले आणि नंतरची कित्येक वर्षं सेझविरोधात, कोल्हापूरच्या टोलविरोधात रस्त्यावर उभे राहिले. पवारांच्या पक्षाची भीड त्यांनी कधी ठेवली नाही. सरोजताई दोन्हीकडच्या. भाऊबीज चुकली असं काही कुणी ऐकलेलं नाही.

सुप्रियाताईंचं लग्न १९९१ साली सदानंद सुळ्यांशी झालं, ते बाळासाहेब ठाकऱ्यांचे भाचे. पवार आणि ठाकरे जाहीर सभांतून एकमेकांची सालटी काढत होते, तोच हा काळ. २००६ साली सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्या तेव्हा शिवसेनेनं उमेदवार दिला नाही. आणि २०२४च्या मे महिन्यात त्याच बारामतीत नणंद विरुद्ध भावजय असा सामना झाला, सुप्रिया सुळे विरुद्ध सुनेत्रा पवार. दीड लाखाहून अधिक मतांनी नणंद जिंकली. नणंद-भावजयीचं नातं मराठी लोकपरंपरेत आधीच इतकं विनोदानं भरलेलं आहे, की त्यात ईव्हीएम आलं म्हटल्यावर लेखकानं फक्त लिहून घ्यायचं बाकी होतं.

विदर्भही मागं नाही. २०१४ला काटोलात अनिल देशमुखांना पुतणे आशिष देशमुखांनी हरवलं. २०२४ला अहेरीत धर्मरावबाबा आत्राम यांच्याविरुद्ध त्यांची मुलगी भाग्यश्री उभी राहिली; वडील जिंकले.

मराठी राजकारणाची भाषा तर सगळी लग्नातूनच उचललेली आहे. युती म्हणजे संसार, फुटली की काडीमोड. कुणाचा कुणाशी घरोबा, कुणाची कुणाशी सोयरीक, कोण किती दिवस नांदणार याच्या पैजा. बाळासाहेब भाजपला कमळाबाई म्हणत. उद्धव ठाकऱ्यांनी २०१७ साली युती तोडताना पंचवीस वर्षं युतीत सडली असं म्हटलं, तेव्हा ते ऐकून कितीतरी घरांत नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं असेल. रूपकं तयार, पात्रं तयार, प्रेक्षक तर रोज सकाळी नऊपासून वाहिन्यांसमोर बसलेले. तरी मराठी चित्रपट या वाटेला जात नाही.

आपल्याकडे राजकीय चित्रपट म्हणजे ‘सामना’, ‘सिंहासन’, ‘झेंडा’. परतवाड्याच्या अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ साली केलेला ‘सिंहासन’ अव्वलच आहे. पण या सगळ्यांत राजकारण हा चिखल असतो आणि चांगल्या माणसानं त्यात पडून बरबाद व्हायचं असतं. प्रेमाच्या चित्रपटांत जात आली, तर ‘सैराट’सारखा रक्तानं माखलेला शेवट येतो आणि तो खोटा नाही. शहर आलं, तर ‘मुंबई-पुणे-मुंबई’सारखी खुसखुशीत नोकझोक. पक्ष आणि विचार यांची जागा मात्र रिकामी. नायिका आंबेडकरी चळवळीतली, नायक शाखेत वाढलेला. किंवा तो स्वतंत्र विदर्भवाला आणि ती ‘एकशे पाच हुतात्म्यांचा महाराष्ट्र’ म्हणत मोठी झालेल्या पुणेकर घरातली, अशी जोडी कुणी पडद्यावर आणत नाही.

नाटकात एकदा कुणीतरी या गावाला जाऊन आलं होतं. पु. ल. देशपांड्यांचं ‘तुझे आहे तुजपाशी’ १९५७चं. इंदूरच्या काकाजी देवासकरांच्या रंगेल वाड्यात खादी, संयम आणि आत्मक्लेश घेऊन आचार्य येऊन ठाकतात. ‘निनोच्का’चं हे अगदी जवळचं मराठी भावंड म्हणावं. तिकडे पॅरिस, इकडे इंदूर. तिकडे कमिसार, इकडे आचार्य. दोन्हीकडे प्रश्न एकच, की जगाचं भलं करायला निघालेल्या माणसानं स्वतः हसायचं की नाही. फरक एवढा, की पुलंनी ढासळवलं ते एका म्हाताऱ्या, पूज्य पुरुषाला. त्याच्या कबुलीजबाबापाशी प्रेक्षागृह गप्प होतं. हे जास्त धाडसाचं काम होतं. मात्र तरुणांचं प्रेम त्या नाटकात कडेला राहिलं. खरा सामना दोन म्हाताऱ्यांचाच.

नागपुरात तो सामना तरुणांचा करता येईल. १९२५च्या विजयादशमीला इथं संघाची स्थापना झाली. १४ ऑक्टोबर १९५६ला, अशोक विजयादशमीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथंच लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दसऱ्याच्या दिवशी एकाच शहरात सकाळी रेशीमबागेत संचलन आणि दिवसभर दीक्षाभूमीवर निळ्या-पांढऱ्या गर्दीचा पूर. २०२५मध्ये तर दसरा नेमका २ ऑक्टोबरला आला, म्हणजे गांधीजीही सामील झाले. याच शहरानं १९५७ला अर्धेन्दुभूषण बर्धन नावाच्या बंगाली कम्युनिस्टाला आमदार करून विधानसभेत पाठवलं होतं. या गर्दीत रस्ता चुकलेली दोन माणसं टरी-पोह्याच्या एका गाडीवर भेटली, तर ती बोलणार काय? आधी भांडतील. ‘काऊन जी, तुमचे लोक…’ इथून सुरुवात होईल.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो खोटा नाही: नागपुरात अशा जोडप्याच्या वाटेत पक्ष नव्हे, जात उभी राहील. वधू-वर सूचक जाहिरातीत कुणी ‘अमुक पक्षाचा मतदार क्षमस्व’ असं छापत नाही. क्षमस्व कुणासाठी असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणूनच अशी गोष्ट विनोदी करणं अवघड, आणि म्हणूनच ती करण्यात अर्थ. विनोदी चित्रपट शेवटी सगळ्यांना जिवंत ठेवतो. मराठी पडद्यावरच्या प्रेमिकांना तेवढी सवलत एकदा मिळायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मजेदार. ‘निनोच्का’ चालतो कारण निनोच्काचा कम्युनिझमवर खरोखर विश्वास आहे. २०१९च्या नोव्हेंबरमधला पहाटेचा शपथविधी, २०२२ची फूट, २०२३ची फूट पाहिलेल्या महाराष्ट्रात कुणाचा कशावर विश्वास आहे म्हणून धरायचं? नायिका नायकासाठी पक्ष सोडायचा विचार करते आहे, रात्रभर रडते आहे, आणि सकाळी टीव्ही लावते तर तिचा अख्खा पक्षच त्याच्या पक्षात गेलेला! हे मध्यंतराआधीच घडलं तर पुढं दाखवायचं काय? खरं तर हाच चित्रपट आहे. नेते कुठेही गेले तरी कार्यकर्ता मागंच उरतो. घरादारावर ज्या चिन्हाचे स्टिकर लावले ते खरवडून काढताना त्याचीच नखं तुटतात. लेखकानं त्याच्या घरात डोकवावं.

अमेरिकेत १९९२च्या निवडणुकीत मेरी मॅटलिन ही थोरल्या बुशच्या प्रचारात होती आणि जेम्स कारव्हिल क्लिंटनच्या. निवडणूक क्लिंटन जिंकले, पुढच्या वर्षी या दोघांनी लग्न केलं आणि मग मिळून त्याच निवडणुकीवर पुस्तक लिहिलं. दोघांपैकी कुणीही लग्नासाठी बाजू सोडली नाही. आपल्याकडे बंगालमध्ये २०२०च्या डिसेंबरात पत्नी सुजाता मंडल तृणमूलमध्ये गेली म्हणून भाजपचे खासदार सौमित्र खान यांनी कॅमेऱ्यांसमोर घटस्फोट जाहीर केला. २०२४ला विष्णुपुरात सौमित्र आणि सुजाता मंडल समोरासमोर उभे राहिले. तो साडेपाच हजारांच्या आसपास मतांनी जिंकला. त्या मतदारसंघातल्या लोकांनी वर्षानुवर्षं एका मोडलेल्या संसाराचा निकाल मतपेटीत लावायचा, याहून वाईट पटकथा नसेल.

त्यापुढं बालाघाटची झोपडी कितीतरी बरी. तिथं घर सोडताना परतीची तारीख आधीच सांगितलेली होती. आणि विशेष म्हणजे, बॅग उचलली ती नवऱ्यानं. अनुभाताई होत्या तिथंच राहिल्या, पक्षासकट. मराठी घरांत आडनावाबरोबर मतही बदलावं अशी अपेक्षा असते. मतदानाच्या दिवशी केंद्राच्या दारापर्यंत ‘आपलं’ चिन्ह कोणतं ते सुनेला बजावून सांगणारे वडीलधारे अजून कमी नाहीत, आणि तिथून पुढं पडद्याआड ती काय करते याची त्यांना चुटपूट लागून राहते. पडद्याआडचे ते काही सेकंद म्हणजे पटकथेतलं सोनं आहे. निनोच्कानं टोपी काढली तो कुलूपबंद खण इथं प्रत्येक शाळेच्या वर्गखोलीत पुठ्ठ्याचा उभा केलेला असतो.

‘निनोच्का’चा शेवट आठवतो का? प्रेमिक कॉन्स्टँटिनोपलला भेटतात, ते अपेक्षितच. पण लुबिचनं शेवटचं दृश्य त्यांना दिलेलं नाही. ते तीन कॉम्रेड आता तिथं भागीदारीत रेस्टॉरंट चालवतात. बाहेर विजेच्या दिव्यांची पाटी; तिच्यावर बुल्यानॉफ आणि इरानॉफ यांची नावं लखलखतात, कोपाल्स्कीचं नाव काही पेटत नाही. आणि कोपाल्स्की आपल्याच रेस्टॉरंटच्या दारात, आपल्याच मित्रांविरुद्ध अन्यायाचा फलक खांद्यावर घेऊन येरझारा घालतो आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये धनुष्यबाण आणि पुढच्या फेब्रुवारीत घड्याळ कुणाच्या पाटीवर राहणार हे निवडणूक आयोगानं ठरवलं, तेव्हा महाराष्ट्रात असे किती कोपाल्स्की फलक घेऊन उभे होते. रात्री ते सगळे जेवायला घरीच गेले असणार. तिथं ताट कुणी वाढलं आणि वाढताना काय बोललं, तेवढं कुणीतरी लिहायचं राहिलं आहे.